माघ-फाल्गुनातलं पुस्तक

वाचनालयांची पुस्तकखरेदी मार्चअखेरच्या आत उरकते. अनुदानाचा पैसा त्याच वर्षात खर्ची पडावा लागतो, म्हणून जानेवारीपासून ग्रंथपाल याद्या करायला घेतात आणि मार्चचा तिसरा आठवडा आला की बिलांची घाई सुरू होते. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या दोन-चार ग्रंथपालांशी बोलल्यावर मला हे कळलं. लेखिका मीच आणि प्रकाशकही मीच, त्यामुळे ही खरेदी चुकवून मला चालणार नव्हतं. एप्रिलमध्ये पुस्तक आलं तर ते पुढच्या वर्षाच्या यादीत जाणार. म्हणून माझा दुसरा कथासंग्रह माघ-फाल्गुनातच छापून यायला हवा होता. आणि परसबाग धरणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षातले हातघाईचे महिने हेच. मोगरा छाटायचा, वेलांची आळी भरायची, भेंडी-गवार टोकायची, उन्हाळा चढायच्या आत झाडांच्या बुडाशी आच्छादन घालायचं.

मी शाहूपुरीच्या बाजूला राहते. दिवसभर पतसंस्थेत नोकरी. घरामागे लहानसं परस, वर गच्ची. घरात हे, मी आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच आत्या म्हणतो.

पहिलं पुस्तक मी एका प्रकाशन संस्थेकडे पैसे भरून काढलं होतं. किती प्रती छापल्या, किती गेल्या, कुठे गेल्या, याचा हिशेब शेवटपर्यंत मिळाला नाही. फोन केला की ‘ताई, मार्केट स्लो आहे’ एवढंच. पैशांपेक्षा मला लागलं ते वेगळंच. माझ्या कथेतल्या माणदेशी बाईच्या तोंडची भाषा त्यांनी परस्पर ‘शुद्ध’ करून टाकली होती. तेव्हाच मनाशी धरलं की पुढचं पुस्तक आपल्या पैशाने, आपल्या नावावर आणि आपल्या डोळ्यांदेखत काढायचं.

प्रकाशक व्हायला कुठलाही परवाना लागत नाही, ही गोष्ट पुष्कळ लिहिणाऱ्यांना माहीत नसते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, आपल्याकडे केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था देते, तो मोफत मिळतो आणि लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. अर्ज ऑनलाइन, सोबत ओळखपत्र आणि पुस्तकाचं शीर्षकपान. या क्रमांकासाठी कुणी तुमच्याकडे हजार-दोन हजार मागत असेल तर ते फक्त फॉर्म भरून देण्याचे आहेत, हे समजून मगच द्यावेत. छापील पुस्तकाला एक क्रमांक, ई-बुक काढलं तर त्याला वेगळा. कॉपीराइटचंही तसंच. लिहिलं त्या क्षणी हक्क आपला होतो, नोंदणीची सक्ती नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

क्रमांक हाती आला तेव्हा मी पतसंस्थेतल्या सवयीने त्याची पडताळणी करून बघितली. तेरा आकडे असतात. पहिला, तिसरा, पाचवा असे आकडे जसेच्या तसे घ्यायचे, दुसरा, चौथा, सहावा असे तिपटीने. सगळ्यांची बेरीज दहाने भागली गेली पाहिजे. शेवटचा आकडा असतो तो यासाठीच. मुखपृष्ठावर टाकताना एक आकडा जरी चुकीचा पडला तरी बेरीज लगेच चुकते. मागच्या पानावरच्या बारकोडखालचा क्रमांक मी छपाईला जाण्याआधी असाच मोजून घेतला.

खरं काम डीटीपीला, म्हणजे संगणकावर पानं जुळवायला, लागलं. मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरसंकेतात लिहिते, इन्स्क्रिप्टच्या कळफलकावर. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांचं काम अजून जुन्या श्रीलिपीच्या फाँटवर चालतं, त्यांचा अक्षरसंकेत वेगळा. एकातून दुसऱ्यात मजकूर नेला की वेलांट्या आणि जोडाक्षरं हलतात. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी ‘स्’ला जाऊन चिकटते, ‘दुसऱ्या’मधला ऱ्या मोडतो आणि ‘वाऱ्यावर’चं काहीतरी भलतंच होतं. माझ्या कथांत पोरी ‘तऱ्हेवाईक’ आहेत, माणसं ‘कऱ्हाडला’ जातात, ‘गुऱ्हाळावर’ रस पितात. पानागणिक हे अक्षर. पहिल्या छापखान्यात गेले तर तिथले म्हणाले, ‘मॅडम, एवढं कोण बघतंय?’ मी फाइल उचलली आणि निघाले.

पोवई नाक्यापासून जवळच एक मुलगी घरी बसून डीटीपी करते, तिच्याकडे काम दिलं. तिने मजकूर रूपांतर न करता थेट इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर म्हणून एक पर्याय आहे. तो निवडला की देवनागरी जोडाक्षरं जिथल्या तिथे बसतात, नाहीतर सुटी सुटी पडतात. नवीन लिहिणाऱ्याने डीटीपीवाल्याला दर विचारायच्या आधी विचारावं ते हेच: युनिकोडमध्ये करता का? फाँट आम्ही मोफत मिळणाऱ्यांतला ‘मुक्ता’ लावून बघितला. पडद्यावर सुरेख, पण कथेच्या लांब परिच्छेदाला मला जाड-बारीक वळणाचं अक्षर हवं होतं. मग तिने चार-पाच फाँटमध्ये तेच एक पान काढून दिलं आणि मी ते आत्यांपुढे ठेवलं. त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ज्या पानावर त्यांचं बोट न अडखळता पुढे सरकलं ते नक्की केलं. १३ पॉइंटचं अक्षर, ओळींत ऐसपैस जागा. पानं वाढली, खर्च वाढला, पण माझा वाचक बहुतेक पन्नाशीच्या पुढचाच आहे हे मी वाचनालयात बसून बघितलेलं आहे.

इकडे माघ लागला होता. मोगऱ्याचं पाणी मी आधीच तोडलं होतं. आमच्या परसात मोगऱ्याचे चार जुने ताटवे आहेत, आत्यांनी लावलेले. मोगरा धरायचा तर त्याला आधी ताण द्यावा लागतो. पंधरा दिवस पाणी बंद, मग गुडघ्याच्या खाली छाटणी, राहिलेली पानं हाताने ओरबाडून काढायची, बुडातली माती उकरून मुळ्यांना चार दिवस ऊन दाखवायचं आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी. कळी येते ती नव्या फुटीवर. जुनी फांदी मायेपोटी ठेवली तर झाड हिरवंगार दिसतं आणि फूल मात्र वर कुठेतरी एखादंच.

पानं ओरबाडायचं काम वेळखाऊ. प्रत्येक काडी डाव्या हाताने शेंड्याला धरायची आणि उजव्या हाताच्या चिमटीने वरून खाली ओढत आणायची. बोटांना हिरवट डाग पडतात आणि उग्र वास दोन दिवस जात नाही. ते काम आत्यांनी पाटावर बसून केलं आणि मी शेजारी पायरीवर बसून त्यांना प्रूफं मोठ्याने वाचून दाखवली. प्रूफ मनात वाचू नये, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. मनात वाचताना डोळा आपल्याला पाठ असलेलं वाक्यच वाचतो, समोर छापलेलं वाचत नाही. मोठ्याने वाचलं की गळलेला शब्द जिभेला अडखळतो. एकाच परिच्छेदात दोनदा आलेला शब्द कानाला टोचतो. कागद पडद्यापेक्षा बरा आणि ओळीखाली पट्टी धरली तर फारच बरं.

आत्या शाळा चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ काढलं नाही, पण एका कथेतली सून बोलायला लागल्यावर त्या थांबल्या. हातातली काडी तशीच. म्हणाल्या, ‘ही पोरगी आपल्याकडची न्हाई. खटावच्या अंगाची वाटतीया.’ कथेत तिच्या माहेराचं नाव कुठेही आलेलं नव्हतं. मी ती खटाव तालुक्यातलीच धरून लिहिली होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला. पहिल्या पुस्तकात कुणीतरी परस्पर पुसून टाकलं होतं ते या पुस्तकात शाबूत होतं आणि ते ओळखणारे कान माझ्या परसातच होते.

निवेदनाचं शुद्धलेखन मात्र मी नियमाला धरून ठेवलं. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ला जोडलेले चार, अशा अठरा नियमांचा कागद टेबलावर चिकटवलेला होता. अनुस्वारांची चैन नको, अंती येणारे इकार-उकार दीर्घ, ‘आणि’ची वेलांटी ऱ्हस्व. संवादांना हे नियम लावायचे नाहीत, ती बोलीच राहू द्यायची. ही वाटणी डीटीपी करणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी लिहून दिली होती, म्हणून नंतर खोडाखोडी कमी झाली.

कागदाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथे लेखक डोळे मिटून ‘चांगला लावा’ म्हणतात. मी ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) पिवळसर झाकीचा मॅपलिथो घेतला. पांढराफेक कागद ट्यूबलाइटखाली डोळ्यांवर येतो. जीएसएमइतकीच महत्त्वाची कागदाची धार, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू एका दिशेला लोळतात. त्या दिशेने फाडला तर तो सरळ रेषेत फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर असले की पुस्तक नीट उघडं राहतं, आडवे असले की पानं ताठ राहून मिटू बघतात. छापखान्याच्या काकांनी नमुन्याचं पान पुढे केलं तेव्हा मी ते उभं आणि आडवं फाडून बघितलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतः आत जाऊन दुसरा गठ्ठा काढून आणला आणि त्यातलं पान मला फाडून दाखवलं. त्यांच्याशी त्यानंतर फार चांगलं जमलं. फर्म्याचं गणितही त्यांनीच समजावलं. फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला ताव. एका फर्म्यात सोळा पानं, अकरा फर्म्यांत १७६. माझा मजकूर त्याहून दोन-तीन पानं वर जात होता. ती वाढीव पानं ठेवायची तर बारावा फर्मा घ्यावा लागणार आणि उरलेली पानं कोरी जाणार. दोन कथांच्या सुरुवातीची मोकळी जागा कमी केली आणि अकरा फर्म्यांत बसवलं.

त्या आठवड्यात परसात भेंडी टोकली. भेंडीला थंडी चालत नाही. साताऱ्यात फेब्रुवारीत दुपारी ऊन चटके देतं, पण यवतेश्वराच्या बाजूने रात्री गार वारा उतरतो आणि माती थंड राहते. संक्रांतीनंतर लगेच टोकलेलं बी कुजून जातं. मध्य फेब्रुवारीनंतर, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटत नाही तेव्हा टोकलं की पाच-सहा दिवसांत वर येतं. कारल्याचं बी टणक, ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं. दोडका मी जानेवारीच्या शेवटीच घरात खिडकीशी पिशव्यांत लावून ठेवला होता, तो आता आळ्यात आला. आळ्यात शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि वर उसाचं पाचट. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत उसाच्या तोडी चालू असतात आणि फडात पाचट पेटवून देतात. कोरेगाव रस्त्याला ओळखीच्या शेतकऱ्याकडून हे स्कूटरवर दोन भारे घेऊन आले. बुडाशी चार बोटं जाडीचा थर दिला की पाणी रोजच्याऐवजी एक दिवसाआड पुरतं. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं तेव्हा याची किंमत कळते.

पुस्तकाच्या प्रती होळीच्या आधी आल्या. ३०० छापल्या. एवढ्या कमी प्रतींना ऑफसेट छपाईच्या प्लेटा परवडत नाहीत म्हणून प्लेटा न लागणाऱ्या डिजिटल यंत्रावर. एका प्रतीचा खर्च नव्वद रुपयांच्या घरात गेला, किंमत २२० ठेवली. प्रकाशन समारंभ केला नाही. हॉल, हार, पाहुण्यांचा प्रवास यात जेवढे पैसे जातात तेवढ्यात पन्नासेक प्रती छापून होतात.

किमतीचं गणित उघड सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. पुण्याला अप्पा बळवंत चौकात मी चौकशी केली तेव्हा वितरणासाठी ४० ते ५० टक्के कमिशन मागितलं गेलं. निम्मं कमिशन दिलं तर हातात ११०. त्यातून छपाईचे ९० गेले की उरले २०, आणि त्यात डीटीपी, मुखपृष्ठ, टपाल, सगळं बसवायचं. वितरकाचं म्हणणं खोटं नाही, त्यालाही गोदाम आहे, माणसं आहेत, न खपलेल्या प्रती परत घ्यायच्या आहेत. पण ३०० प्रतींच्या पुस्तकाला ती वाट झेपत नाही. वाचनालयाला मी २५ टक्के सवलत देते, वाचकाने थेट मागवलं तर टपालखर्च माझा. छापील पुस्तकांच्या विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे बिल साधं राहतं. वाचनालयाला पक्कं बिल लागतं, त्यावर पुस्तकाचं नाव, प्रती, सवलत आणि आयएसबीएन हे सगळं हवं.

एक गोष्ट बहुतेक जण टाळतात, ती करावीच. १९५४च्या कायद्याने प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्लीची पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय इथे प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. चार प्रती आणि टपालाचा खर्च, पण आपलं पुस्तक देशाच्या नोंदीत जातं. पाकिटं बांधताना मी प्रत्येकावर प्रेषक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि त्याखाली ‘लेखक व प्रकाशक’ लिहिलं. तो शिक्का मला अजून नवा वाटतो.

मार्चचे शनिवार-रविवार एसटीत गेले. वाई, कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड, वडूज. पिशवीत पुस्तकं आणि बिलबुक. तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपालाला आधी फोन करून जावं आणि दुपारी चारनंतर जावं, वाचक येतात ती वेळ. पुस्तक ग्रंथपालाच्या हातात देण्याआधी टेबलावर ठेवलं तर दोन-तीन जण उचलून बघतात आणि मग ग्रंथपालच विचारतात, किती प्रती आणल्यात. वडूजला एका आजोबांनी उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि मला सांगितलं, ‘ही आमच्या भावकीतलीच हाय.’ त्या वाचनालयाने दोन प्रती घेतल्या. भिलारलाही एकदा जाऊन आले, विकायला नव्हे. २०१७पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत कपाटं मांडलीत आणि कुणीही आत जाऊन वाचत बसतं. माणसं कथेचं पुस्तक कसं उचलतात, कुठलं पान आधी उघडतात, हे मला बघायचं होतं. बहुतेक जण मागचं पान वाचतात, मग अनुक्रमणिका, मग मधूनच कुठलंतरी पान. प्रस्तावना कुणी वाचताना दिसलं नाही. पुढच्या पुस्तकाला मी प्रस्तावना घेणार नाही.

घरी परत यायला संध्याकाळ व्हायची आणि ते सोयीचंच होतं, कारण दोडका संध्याकाळी फुलतो. काकडी, कारलं सकाळी उमलतात तेव्हा मधमाश्या असतात. दोडक्याचं पिवळं फूल उन्हं कलल्यावर उघडतं आणि आमच्या गल्लीत त्या वेळी माश्या कमीच. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, घोसाने, लांब देठाची. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा इवलासा दोडका आधीपासूनच असतो. परागीकरण झालं नाही तर तो पिवळा पडून गळतो आणि लोक खताला दोष देतात. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवून फिरवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. सकाळी त्याच दोडक्याची मान खाली वळलेली असली की समजायचं, धरला.

जास्वंदीला या दिवसांत पिठ्या ढेकूण येतोच. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि पातळ साबणाचे काही थेंब, आणि फवारणी उन्हं उतरल्यावर. दुपारी मारलं तर पानं करपतात.

पाडव्याच्या सुमाराला मोगरा लागला. आत्या पहाटे कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवतात, शेजारी वाटतात. खाली राहिलेल्या पुस्तकांच्या खोक्यांवर मी निंबाचा सुका पाला पसरून ठेवला आहे, कसर लागू नये म्हणून. तीनशेतल्या निम्म्याहून जास्त प्रती गेल्या. छपाईचे पैसे वसूल झाले आहेत, डीटीपी आणि मुखपृष्ठाचे अजून व्हायचे आहेत. काकांशी बोलून ठेवलं आहे: दुसरी खेप काढायची वेळ आली तर नुसत्या डिंकाच्या बांधणीऐवजी फर्मे शिवून घ्यायचे. वाचनालयातली प्रत पन्नास हातांतून जाते, आणि दर प्रतीमागे जे चार पैसे जास्त पडतील ते मी किमतीत न वाढवता माझ्या बाजूने घालणार आहे.